पी.टी.चा तास : व्याख्या, उपयोग व हस्तांतर

पी.टी.चा तास म्हणजे शाळेच्या वेळापत्रकातला असा तास, जो गणिताच्या सरांना मागून घेता येतो. आठवीपर्यंत तो अधूनमधून भरतो, नववीत कागदावर उरतो आणि दहावीच्या दिवाळीनंतर कागदावरूनही जातो. हस्तांतराला अर्ज लागत नाही. ‘पोर्शन राहिलाय’ हे दोन शब्द पुरतात. पी.टी.चे सरही हरकत घेत नाहीत, कारण त्या वेळी ते मतदारयादी, स्नेहसंमेलनाचा मांडव किंवा पोषण आहाराचा हिशेब यांपैकी कशात तरी असतात.

या तासाला मैदान लागते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला खेळाचे मैदान असावे, असे नमूद आहे. त्याचा आकार सांगितलेला नाही. मैदान मुलांसाठी असते हे बहुधा गृहीत धरले असावे. प्रत्यक्षात तेथे स्कूलबस उभ्या राहतात, रविवारी लग्ने लागतात आणि निवडणूक जवळ आली की सभा होतात. मुलांना ते प्रार्थनेच्या वेळी दिसते.

राज्य मंडळाच्या दहावीत आरोग्य व शारीरिक शिक्षणाला गुण नाहीत, श्रेणी आहे. श्रेणी टक्केवारीत धरली जात नाही, आणि अकरावीचा प्रवेश टक्केवारीवर होतो. तेव्हा घरात या विषयाची चौकशी कोण करणार? एक अपवाद आहे. खेळाडूंना सवलतीचे कमाल २५ गुण मिळू शकतात. त्यामुळे ज्या घरात कालपर्यंत ‘खेळून काय पोट भरणार’ असे विचारले जाई, तेथे दहावीच्या जूनमध्ये कोणत्या खेळात गर्दी कमी आहे याची बारकाईने माहिती काढली जाते. प्रमाणपत्र लॅमिनेट होते. खेळ तेवढ्यावर संपतो.

खुद्द शरीराचा अभ्यासाशी काही संबंध आहे का, हे स्वीडनमध्ये पाहिले गेले. तेथे १९५० ते १९७६ या काळात जन्मलेल्या सुमारे १२ लाख तरुणांच्या लष्करभरतीच्या नोंदी तपासल्या गेल्या. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. सायकल मारायला लावून मोजलेला दमसास ज्यांचा चांगला होता, ते बुद्धिचाचणीत पुढे होते आणि पुढे उच्च शिक्षणापर्यंत पोचण्याचे त्यांचे प्रमाणही जास्त होते. १५ ते १८ या वयात ज्यांचा दमसास वाढला, तेही पुढे होते. महाराष्ट्रात नेमकी हीच तीन वर्षे दहावी, अकरावी आणि बारावी या नावांनी ओळखली जातात.

याच अभ्यासात स्नायूंच्या ताकदीचा बुद्धीशी तसा ठळक संबंध आढळला नाही. जिमच्या आरशासमोर दंडाचे फोटो काढणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलांपर्यंत हे अजून पोचलेले नाही. भावाभावांच्या आणि जुळ्यांच्या नोंदींवरून आनुवंशिकतेपेक्षा परिस्थितीचा वाटा मोठा दिसला. म्हणजे ‘आमच्या घराण्यात कुणी खेळाडू नाही’ ही सबबही गेली. मात्र अशा नोंदींवरून संबंध दिसतो, धावल्यामुळेच बुद्धी वाढली असे सिद्ध होत नाही. क्लासचालकांना पूर्ण संशोधनातले एवढेच वाक्य पटेल.

मराठी समाजाला पुराव्यासाठी परदेशी जायची खरे तर गरज नव्हती. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष तालमीत आणि पोहण्यात घालवले, त्यात परीक्षा बुडाली. पुढे ते गणितात बी.ए. झाले, १८७९ साली एलएल.बी. झाले, आणि मंडालेची सहा वर्षे त्याच शरीराने काढली. दर १ ऑगस्टला शाळाशाळांतून त्यांच्यावर भाषणे होतात. शेंगांच्या टरफलांचा भाग सगळ्यांना पाठ असतो. वर्ष बुडाल्याचा भाग मात्र गाळला जातो, कारण ऐकायला पालकही बसलेले असतात.

जागतिक आरोग्य संघटना या वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल सांगते. दहावीच्या मुलाच्या दिवसात सकाळचा क्लास, शाळा, संध्याकाळचा क्लास आणि रविवारची टेस्ट सिरीज बसवल्यावर उरते ती लिफ्टच्या बटणापर्यंतची. मुलींच्या बाबतीत तीही ‘उगाच बाहेर कशाला’ या वाक्याने वाचवली जाते.

बारावीनंतर, किंवा पदवी घेऊन चार वर्षे वाट पाहून झाल्यावर, शरीर पुन्हा अभ्यासक्रमात येते. पोलिस भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण आहेत : मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. गुण म्हटल्यावर घरचा विरोध मावळतो. आई पहाटे चारला उठून भिजवलेले हरभरे पुढे ठेवते, वडील स्टॉपवॉच धरतात. तालुक्यातालुक्यांत अंधारात बायपासच्या कडेने पोरे धावताना दिसतात. ट्रकच्या भीतीने काहीजण आपल्या जुन्या शाळेच्या मैदानावर जातात. तेथे मात्र स्कूलबस बाहेर पडेपर्यंत फाटकाशी थांबावे लागते.