मॅम, लाडू किती ग्रॅमचा?

ऑफिसच्या विम्याबरोबर मला एक हेल्थ कोच फुकट मिळाली आहे. ती दर मंगळवारी फोन करते. वेळ ठरलेली दुपारी तीनची, पण ती फोन करते बाळाचा डोळा लागला की. तिला ते कसं कळतं, देव जाणे. बाळ चार महिन्यांचं आहे, त्याला अजून फोन लावता येत नाही. तेव्हा फितुरी घरातली नसावी.

"हाय मॅम, कशा आहात, वजन किती?" या दोन प्रश्नांमध्ये ती श्वास घेत नाही.

वजन 66. बाळंतपणाआधी 58 होतं, तिथे मला परत पोचवायची जबाबदारी तिची. उंची 155 सेंटिमीटर कळल्यावर मात्र तिने 58 देखील नामंजूर केलं. बीएमआयच्या हिशेबात युरोपातल्या बाईला पंचविसापर्यंत मोकळीक असते, आम्हा भारतीयांना तेविसाला शिट्टी वाजते. म्हणजे पूर्वी जी जीन्स मला होत होती, तीही बेकायदेशीरच होत होती.

मग झोप. ॲपमध्ये झोपलात कधी आणि उठलात कधी, अशा दोनच चौकटी आहेत. मी अकराला आडवी झाले आणि सातला आशा सोडली, असं भरलं. मधल्या पाच उठण्यांसाठी चौकट नव्हती. ॲपने आठ तास गाढ झोपेबद्दल चांदणी दिली.

खाण्याच्या यादीत डिंकाचा लाडू नाही. अळिवाची खीर नाही. बाळंतशेपा तर नाहीतच. बेसन आणि मोतीचूर आहेत, म्हणून मी मोतीचूर निवडला. "मॅम, मिठाई जरा कमी करू या. आणि एक लाडू साधारण किती ग्रॅमचा?" हे स्पीकरवर होतं, कारण माझे दोन्ही हात लंगोटात होते. खारीक, सुकं खोबरं, गोडंबी आणि मेथ्या घालून रात्री अकरापर्यंत लाडू वळणाऱ्या आईने 'मिठाई' हा शब्द ऐकला.

"अगं, तिच्या तक्त्यात डिंक नाहीये," मी सारवासारव केली.

"नसू दे. माझ्या डब्यात आहे."

कोचने मला दिवसाला 1200 कॅलरी मंजूर केल्या आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज 600 कॅलरी जादा सांगितल्या आहेत, हे मी नम्रपणे कानावर घातलं. ती म्हणाली, सीनियरना विचारून सांगते. त्याला पाच मंगळवार झाले.

याच घरात आणखी एकाचं वजन होतं. 2.8 किलोचा होता, आता दुप्पट व्हायला आला. त्याचा आकडा वर गेला की डॉक्टर हसतात, आई मीठमोहऱ्या ओवाळते, आजोबा फोन करून तीन गावांना कळवतात. ते वजन कुठून आलं, हे कोणी विचारत नाही. मी विचारलं तर आई म्हणते, दृष्ट लावू नकोस.

राहिली पावलं. रोज दहा हजार. 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला निघालं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' होतं. तो आकडा दुकानातून निघाला तो थेट माझ्या बाळंतिणीच्या खोलीत आला. मी चालत नाही असं नाही. रात्री दोनला खांद्यावर पोर घेऊन खिडकी ते कपाट इतकी चालते की पंढरपूर गाठलं असतं. पण तेव्हा फोन चार्जिंगला असतो. जवळ ठेवावा, तर पाजायच्या गाऊनला चेन दोन असतात, खिसा एकही नसतो. ॲपच्या लेखी मी दिवसाला 640 पावलं चालणारी बाई होते.

गेल्या आठवड्यात फोनवर अंगाई लावली आणि फोन पिशवीत घालून पिशवी पाळण्याच्या दांडीला अडकवली. आई दुपारभर दोरी ओढत होती. संध्याकाळी पाहते, तर 11,240 पावलं.

मंगळवारी कोचचा आवाज भरून आला. "वॉव मॅम! कसं जमवलंत?"

"आईची मदत आहे," मी खरं तेच सांगितलं.

पुढच्या आठवड्यापासून टार्गेट बारा हजार.

"काय म्हणाली?" आईने विचारलं.

"वाढवलेत."

आईने पदर खोचला आणि दोरी दुसऱ्या हातात घेतली.