एवढं गेलोच आहोत तर...

हैदराबादेत सागर पुष्कळ आहेत. हुसेनसागर, उस्मानसागर, हिमायतसागर. जरा लांब गेलं की निजामसागर आणि नागार्जुनसागर. समुद्र तेवढा नाही. हुसेनसागराच्या काठाने नेकलेस रोड केला आहे, पण दागिना इकडे आणला तरी गळा मुंबईतच राहिला. मुंबईला जाणाऱ्या गाडीचं नावही हुसेनसागर एक्सप्रेस. तळ्याचं नाव लावून ती समुद्राला भेटायला जाते.

हे दुःख जुनं आहे. मछलीपट्टण हे एकेकाळी गोवळकोंड्याचं बंदर. 1611 मध्ये इंग्रजांनी वखार घातली ती तिथेच. पुढे 1766 च्या तहात निजामाने उत्तर सरकारचा किनारी पट्टा इंग्रजांना देऊन टाकला आणि एवढ्या मोठ्या राज्याला पाय बुडवायला किनारा उरला नाही. सातव्या निजामाला ही उणीव शेवटपर्यंत बोचली. 1937 साली ‘टाइम’ साप्ताहिकाने ज्याला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं, तोच हा मीर उस्मान अली खान. इंग्रज जायच्या धामधुमीत मुरगाव बंदर वापरायला मिळावं, जमलं तर गोवाच विकत घ्यावा, म्हणून त्याने पोर्तुगीजांकडे खटपट केली. जमली नाही. आज हैदराबादेतल्या कोंडापूरचा कोणीही इंजिनिअर चार रात्रींपुरता गोवा सुलभ हप्त्यांवर घेतो.

घेतो, आणि निजामापेक्षा जास्त दमतो.

कारण घरात चार वर्षांचा एक आणि दीड वर्षाची एक अशी माणसं आहेत, आणि फेब्रुवारीत एका रात्री जेवताना घोषणा झालेली आहे: “या वेळी एकदम निवांत हं. काही बघायचं नाही. नुसतं बीचवर पडून राहायचं.” घोषणा करणारा बाबा. तिसऱ्या दिवशी तोच एक एक्सेल शीट पाठवतो. त्यात निवांतपणाचा रकाना दुसऱ्या दिवशी दुपारी तीन ते साडेचार असा असतो, आणि नेमकी तीच वेळ धाकटीच्या रडण्याची असते.

रोग बाबाचा नाही, अंतराचा आहे. मुंबईकर शनिवारी सकाळी उठून अलिबागला जातो, वाळूत बसतो, भजी खातो, परत येतो. पुढच्या महिन्यात पुन्हा जाता येतं, त्यामुळे त्याला काही बघायची घाई नसते. हैदराबादकराला गोवा साडेसहाशे-सातशे किलोमीटर, विशाखापट्टण सहाशेच्या वर. एवढा प्रवास करून नुसतं वाळूत बसायचं, हे त्याच्या मनाला पटत नाही. मग तो म्हणतो, “एवढं गेलोच आहोत तर...” आणि या सहा अक्षरांच्या ‘गेलोच आहोत’मध्ये, मोजायची तर मोजा, सहली बुडालेल्या आहेत.

विशाखापट्टणच घ्या. बेत साधा: समुद्र आणि पोरं. पण एवढं गेलोच आहोत तर अराकू. अराकूला जाताना बोरा गुहा वाटेतच आहेत, मग गुहा. आजी म्हणतात, सिंहाचलम राहून कसं चालेल? आणि गाडी अन्नवरमवरूनच जाते, तर सत्यनारायणाला वळसा घालून पुढे जाणं बरं दिसेल का? बाबाला स्वतःला आयएनएस कुरसुरा बघायची असते. ही पाणबुडी 2001 मध्ये नौदलातून निवृत्त झाली आणि आता किनाऱ्यावर विसावली आहे. या सगळ्या बेतात खऱ्या अर्थाने बीचवर पडून राहायला मिळालंय ते फक्त तिला. चार वर्षांचं पोर पाणबुडीच्या अरुंद बोळातून जाताना मध्येच “शू” म्हणतं. मागे तीस माणसांची रांग असते.

चार दिवसांत दोन देव, एक डोंगर, एक गुहा, एक पाणबुडी. समुद्र दिसला तो गाडीच्या काचेतून. छान दिसला म्हणे.

जायचं कसं, यावर स्वतंत्र महाभारत. सिकंदराबादहून विशाखापट्टणला 2023 च्या जानेवारीत वंदे भारत सुरू झाली. साडेआठ तास, चकचकीत, बसायला उत्तम खुर्ची. दीड वर्षाच्या मुलीला खुर्ची या वस्तूचं आकर्षण वीस मिनिटं असतं. उरलेले आठ तास दहा मिनिटं तिला डब्यातून या टोकाकडून त्या टोकाला चालवायचं, आणि परक्या काका-काकूंच्या ताटातला पापड मोडू द्यायचा. त्यापेक्षा 1974 पासून रात्रभर धावणारी गोदावरी एक्सप्रेस शहाणी. संध्याकाळी बसा, धपाटे-चटणी खा, पोरं झोपतात, सकाळी समुद्र. पण सोसायटीच्या ग्रुपवर स्लीपरच्या बर्थचा फोटो टाकता येत नाही ना.

गोव्याचं तर विचारूच नका. 2024 च्या ऑक्टोबरपासून सिकंदराबाद-वास्को गाडी आठवड्यातून दोनदा आहे. त्याआधी गुंतकळला डबे जोडायचा-तोडायचा खेळ असायचा. आता थेट, पण जवळजवळ वीस तास. म्हणून विमान. सव्वा तासाचं विमान. त्यातही मोपा विमानतळाचं तिकीट दाबोळीपेक्षा नऊशे रुपयांनी स्वस्त दिसलं की बाबा ते पटकन घेतो. हॉटेल मात्र ‘शांत म्हणून’ दक्षिणेला, पाळोळ्याला. मोपा गोव्याच्या उत्तर टोकाला, पाळोळे दक्षिण टोकाला. विमानात सव्वा तास, टॅक्सीत अडीच. वाचलेले नऊशे टॅक्सीवाल्याने घेतले, वर दोन उलट्या.

हॉटेलात पोचल्यावर पोरगा समुद्राकडे एकदा बघतो. लाट येते, आवाज करते, तो आईच्या मांडीवर चढतो. मग त्याला स्विमिंग पूल दिसतो. पुढचे तीन दिवस तो पूलमधून बाहेर येत नाही. असाच पूल त्याच्या कोंडापूरच्या सोसायटीत क्लबहाऊसमागे आहे, मेंटेनन्समध्ये त्याचे पैसे दर महिन्याला जातात, आणि बाबा तिथे एकदाही उतरलेला नाही. काही रिसॉर्टांत तर ‘किड्स क्लब’ असतो. पोराला सातशे किलोमीटर समुद्राजवळ न्यायचं आणि एसी खोलीत प्लास्टिकच्या घसरगुंडीपाशी सोडून यायचं. बाहेर आईबाप निवांत. म्हणजे आई बॅग लावते आणि बाबा ‘फक्त पाच मिनिटांचा कॉल’ घेतो.

बॅगेचं एकदा बोललंच पाहिजे. सुट्टीचा बेत बाबाचा असतो, बॅग आईची असते. डायपर, दोघांचे कपड्यांचे सहा-सहा जोड, तापाचं औषध, ओआरएस, नेब्युलायझर, भातासाठी छोटा कुकर, मेतकूट, तूप, सनस्क्रीन, धाकटीचं फाटकं पांघरूण, ज्याशिवाय ती झोपत नाही. बाबाची बॅग: चार टी-शर्ट, लॅपटॉप, ड्रोन. आणि विमानतळावर वाक्य कोणाचं, तर “एवढं सामान कशाला घेतेस गं?” हे बाबाचं. ड्रोन उडवायला तिथे परवानगी लागते, हे नंतर कळतं. मग ड्रोनही आईच्या बॅगेत.

आता मुलांना काय हवं असतं ते बघू. हे सगळं ठरवताना त्यांना कोणी विचारलेलं नाही. त्यांना हवी असते वाळू, घोट्यापर्यंत पाणी, एक डबा आणि एक चमचा. सावली हवी असते, पण ते त्यांना माहीत नसतं. आणि खोली अशी हवी की झोप आली की पाच मिनिटांत पोचता यावं. एवढंच. अराकू नको, क्रूझ नको, ‘सी-फेसिंग’ तर मुळीच नको. समुद्र बघणं हा मोठ्यांचा छंद आहे, मुलांना तो उपसायचा असतो.

दिवसातले किनाऱ्यावर बसण्यालायक तास मोजकेच: सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचारनंतर. मधलं ऊन फक्त परदेशी पाहुण्यांनी खायचं. पोरं तशीही पहाटे साडेपाचला उठून तुमचे डोळे बोटांनी उघडतात. हे पोर पश्चिम किनाऱ्यावर नेऊन सूर्यास्ताची वाट बघायला लावण्यात काय हशील? तोवर ते चिरडीला येतं. त्याला पूर्व किनारा द्या. जाग आली की समोर सूर्योदय, पैसे वसूल. फक्त बंगालच्या उपसागराच्या लाटा अंगावर येणाऱ्या आहेत, तिथे कडेलाच बसायचं. आत जाऊन शौर्य दाखवायचं नाही, बाबांनी तर नाहीच.

आणि कोकणात किंवा गोव्यात जात असाल, तर हॉटेलांचे रिव्ह्यू वाचण्याआधी भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’कडे बघा. आपण त्यात लाल तारखा तेवढ्या शोधतो. तिथी बघा. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांचा सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. तिथून सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला. तेव्हा समुद्र मागे सरकलेला असतो, ओली सपाट वाळू उघडी पडलेली असते, खळग्यांत कोमट पाणी साचतं, खेकड्यांची नक्षी उमटते. पोरांची कॉलनी वसवायला याहून चांगली जागा नाही. तेव्हा दोन्ही पक्षांतली तृतीया ते पंचमी साधा. अमावास्या-पौर्णिमा टाळा, तेव्हा उधाण असतं. अंदाज अर्ध्या-पाऊण तासाने चुकतो, गोव्यात पाणी थोडं आधी भरतं, आणि खाडीच्या तोंडाशी ओहोटीची ओढ जबर असते, तिकडे पोरं नेऊ नका. विशाखापट्टणला मात्र हा हिशेब लावू नका, त्या समुद्राचं पंचांग वेगळं.

हे सगळं सांगितल्यावर कोंडापूरचा बाबा म्हणतो, “पण चतुर्थी मंगळवारी येते. शाळा बुडेल ना.”

कोणाची शाळा? चार वर्षांच्या पोराची. काय बुडेल? ‘यलो डे’. पिवळा शर्ट घालून पिवळं केळं खाण्याचा अभ्यासक्रम बुडेल म्हणून हे कुटुंब एप्रिलअखेर शाळा बंद होण्याची वाट बघतं आणि मे महिन्याच्या घामात, तिप्पट भाड्यात, अख्ख्या तेलंगणाबरोबर गोव्याला जातं. नाहीतर संक्रांतीच्या सुट्टीत गाडी काढून विजयवाड्याच्या रस्त्याला लागतं. त्या वेळी अर्धं हैदराबाद आंध्रात गावी निघालेलं असतं आणि पंतंगी टोलनाक्यावर सगळ्यांची सामुदायिक भेट होते. काही मुलं चालायला तिथेच शिकली असावीत.

शिकती पोरं असतील तर इलाज नाही. पण ज्यांची शाळा अजून रांगोळी आणि टाळ्यांच्या पुढे गेलेली नाही, त्यांनी फेब्रुवारीतला मंगळवार का सोडावा? पोरगं आणखी दोन वर्षांनी पहिलीत जाईल आणि मग पुढची बारा वर्षं सुट्टी कधी घ्यायची ते शाळा सांगेल.

बापटल्याजवळ सूर्यलंका नावाचा किनारा आहे. हैदराबादपासून तीनशेच्या वर किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या निम्म्याने. लांबच लांब वाळू, सकाळी सूर्य समोरून. आंध्रातली माणसं तिथे आरामात जातात, सोबत डबा असतो, नातवंडं असतात. आपले मराठी लोक का जात नाहीत, असं एकदा कोंडापुरात विचारलं. उत्तर आलं, “जाऊन सांगणार काय लोकांना?” समुद्र तोच, मीठ तेवढंच, पण सूर्यलंकेचा टी-शर्ट मिळत नाही.

काचीगुड्यातल्या आजींना या सगळ्याचं नवल वाटतं. त्यांच्या लहानपणी सुट्टी म्हणजे नांदेडला मामाकडे. पाणी म्हणजे गोदावरी, वाळू म्हणजे तिचीच. लग्नानंतर पैठणला गेल्या तेव्हा नाथसागर बघितला, पलीकडचा काठ दिसेना, तेव्हा समुद्र बघून झाला असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं. “ह्यांना दाखवायचं काय असतं इतकं?” असं त्या विचारतात. त्यांना कोणी एक्सेल शीट पाठवलेलं नाही.

आता सरकारनेच हा प्रश्न सोडवायचं मनावर घेतलं आहे. बाह्य वळणरस्त्याजवळ कोतवालगुड्याला कृत्रिम समुद्रकिनारा करायचा बेत 2025 मध्ये बातम्यांत आला. पस्तीस एकर, सुमारे 225 कोटी. निजामाला जे पोर्तुगीजांकडून मिळालं नाही, ते आता खासगी भागीदारीतून मिळणार. वाळू असेल, लाटा असतील, वर तरंगते व्हिला, हॉटेलं आणि साहसी खेळ वगैरे. कोंडापूरहून तासभर, टोल भरून. पोरांना घोट्याएवढं पाणी मिळेल की नाही माहीत नाही, पण पार्किंग तीन मजली असेल. आणि भरती किती वाजता आणायची, हे ठेकेदार ठरवेल. शनिवार-रविवारी दर वेगळा.