थायरॉईड मुळापासून उपटणाऱ्या वैद्यराजांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. वैद्यराज (फ्लेक्सवरचं नाव दर वर्षी बदलतं, म्हणून इथे घातलेलं नाही),
मुक्काम : जिथे आठवडी बाजार भरेल तिथे.

स. न. वि. वि.

मुलचेऱ्यात आपलं स्वागत व्हायलाच हवं. तालुका जंगलाचा, मोठा दवाखाना गाठायचा तर अहेरीचं उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर थेट गडचिरोली. अशा जागी कुणी आपल्या पायाने येतं आणि एकवीस दिवसांत थायरॉईडची गोळी सोडवतो म्हणतं, ही काय लहान गोष्ट झाली? माडिया टोल्यावरचा पुजारी कोंबडी-नारळावर भागवतो. आपला कोर्स काही हजारांचा, तोही रोखीत. तेंदूपत्त्याची मजुरी हातात पडल्यावर यावं, म्हणजे गिऱ्हाइकाला उधारीचा संकोच नाही.

आपण जी सोडवता ती लेव्होथायरॉक्सिनची गोळी तशी गरीबच. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्याने तिच्या किमतीवर सरकारचा लगाम, खर्च दिवसाला दोन-तीन रुपयांच्या आसपास. पण तिचे नखरे फार. उपाशीपोटी घ्या, चहा अर्ध्या तासाने प्या, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास लांब ठेवा. वर डॉक्टर ‘बहुधा आयुष्यभर’ म्हणतात. त्यापुढे ‘एकवीस दिवस’ कुणाला गोड लागणार नाही?

हे एकवीस दिवस ज्याने ठरवले त्याच्या हुशारीला दाद द्यायला हवी. रक्तातलं थायरॉक्सिन निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात. गोळी थांबवली की आठवड्याने निम्मं उरतं, दोन आठवड्यांनी पाव, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी दोन आणे. अंगाला त्याची उणीव जाणवायला आणखी काही आठवडे जातात. तोवर बाई खूश, कोर्स पुरा, आणि आपली गाडी वैनगंगेपलीकडे. पुढे चेहरा सुजतो, पोट साफ होत नाही, रोवणीत हात चालत नाही, भरउन्हाळ्यात थंडी वाजते. त्याचा दोष कुणी आपल्याला देत नाही. वय झालं, म्हणतात.

‘नैसर्गिक’ या आपल्या शब्दाबद्दलही तक्रार नाही. इंग्लंडात १८९१ साली जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क एका बाईला टोचला. याहून नैसर्गिक काय असणार? ती पुढे २८ वर्षं जगली, मात्र अर्क शेवटपर्यंत घेत राहिली. एकवीस दिवसांनी थांबायचं तिला कुणी सुचवलं नसावं.

गिऱ्हाईक आपल्या तंबूपर्यंत येतं त्यात मेडिकलवाल्यांचाही वाटा आहे. नेहमीची बाटली संपलेली, म्हणून दुसऱ्या कंपनीची हातात पडते. ‘तेच आहे, घ्या.’ बहुतेकांचं त्याने काही बिघडत नाही, काहींचं बिघडतं. फ्रान्समध्ये २०१७ साली मर्क कंपनीने लेव्होथायरॉक्स गोळीतलं औषध तेच ठेवलं, फक्त लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल घातलं. थकवा, केसगळती, पेटके अशा तक्रारींचा पूर आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जुन्या घडणीची गोळी परत आणावी लागली. म्हणून कंपनी शक्यतो बदलू नये, बदललीच तर सहा ते आठ आठवड्यांनी रक्तातलं टीएसएच तपासावं. नियम सोपा आहे. मुलचेऱ्यातल्या बाईला मात्र तो एक दिवसाची बुडालेली मजुरी आणि एसटीचं येण्या-जाण्याचं भाडं एवढ्याला पडतो, रिपोर्टसाठी परत खेप. दोन रुपयांची गोळी महाग होते ती इथे, आणि आपला तंबूही नेमका इथेच उभा राहतो. तपासणी गावाजवळ झाली असती तर आपला धंदा पहिल्याच पावसाळ्यात बसला असता.

महागाईत आपण एकटे नाही, हेही नमूद करायला हवं. ब्रिटनमध्ये याच आजारावरच्या टी-३ नावाच्या दुसऱ्या गोळ्यांचं पाकीट २००९ साली २० पौंडांना होतं, २०१७ साली २४८ ला गेलं. तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२१ मध्ये १० कोटी पौंडांहून अधिक दंड ठोठावला. आपल्याकडे १९५४ पासून जादुई उपचारांच्या जाहिरातींना मनाई करणारा कायदा आहे आणि त्याच्या यादीत गलगंडाचंही नाव आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी पतंजलीला २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बडग्याखाली वर्तमानपत्रांत माफीनामे छापावे लागले. आपला फ्लेक्स दिल्लीहून दिसत नाही, एवढंच.

एक विनंती, यात थट्टा नाही. पोटुशी बाई आली तर तिची गोळी सोडवू नका. त्या महिन्यांत थायरॉक्सिन जास्त लागतं, आणि सुरुवातीला बाळाचा मेंदू आईच्याच थायरॉक्सिनवर वाढतो. तिला अहेरीच्या गाडीत बसवून द्या, भाडं आपल्या कोर्सच्या रकमेतून सहज निघेल.

कळावे.

आपले,
मुलचेरा तालुक्यातले समस्त उपाशीपोटी गोळी घेणारे

ता. क. : पुढल्या खेपेला छापील पावती द्यावी. तिच्यावर पुडीतल्या औषधांची नावं, कायमचा पत्ता आणि गेल्या वर्षी बऱ्या केलेल्यांचे सहा महिन्यांनंतरचे टीएसएचचे आकडे असावेत.