काळी चारमध्ये कुंभार्ली घाट

गणपतीला गुहागरला जायचं तर ताम्हिणीने उतरावं की कुंभार्लीने, यावर आमच्याकडे दरवर्षी भांडण होतं. यंदा झालं नाही. मेव्हण्याने आदल्याच आठवड्यात गाडीत नवा डेक, डिकीत अँप आणि अँपशेजारी बारा इंची वूफर बसवून घेतला होता. ‘सिस्टीमला मोकळा रस्ता लागतो,’ असं म्हणून त्याने साताऱ्याचा हायवे पक्का केला. डिकी वूफरला दिल्यामुळे बॅगा आमच्या मांडीवर आल्या, गौरीच्या फराळाचा डबा माझ्या पायांत आला आणि आत्या मागच्या सीटवर, बायको आणि भाचा यांच्या मधोमध, नारळाच्या पोत्याला टेकून बसली. आत्याचं माहेर गुहागरचं. चाळीसेक वर्षं पेठेत गाण्याच्या शिकवण्या केलेली बाई. तिच्या कानाबद्दल घरात कोणी वाद घालत नाही.

कात्रजचा बोगदा मागे पडला, पहिलं गाणं संपलं, दुसरं सुरू व्हायचं होतं, आणि त्या मधल्या फटीत शिट्टी ऐकू आली. बारीक, सरळ, चिवट. मेव्हण्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला तशी ती वर चढली, पाय काढला तशी खाली आली.

“कुकर लावलाय का कोणी?” आत्याने विचारलं.

“इंजिनचा आवाज आहे, आत्या. नवीन सिस्टीम आहे ना, सगळं क्लिअर ऐकू येतं,” मेव्हणा म्हणाला आणि त्याने आवाज वाढवला. पुणेरी माणसाचा दोषनिवारणाचा हा पहिला उपाय. गाणं वाढलं, शिट्टी होती तेवढीच राहिली. मग माझ्या आग्रहावरून त्याने आवाज पार शून्यावर आणला. गाणं गेलं. शिट्टी होती तेवढीच राहिली.

खरं तर अर्ध निदान तिथेच झालं होतं. आवाजाचं बटण डेकमध्ये असतं. बटण फिरवून जी शिट्टी कमीजास्त होत नाही ती बटणाच्या पुढे, म्हणजे डेक आणि अँप यांच्यामधल्या रस्त्यात कुठेतरी आत शिरत असणार. पण खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर एवढा तर्क लढवायला कोणाला वेळ असतो? मागचे हॉर्न वाजवत होते.

खंबाटकी चढताना मेव्हण्याने तिसरा गिअर टाकला, मग दुसरा. दर गिअरला शिट्टी वेगळी. आत्या डोळे मिटून ऐकत होती. वाईकडे जाणारा फाटा मागे पडल्यावर तिने निकाल दिला, “चौथ्या गिअरात साठच्या स्पीडला बरोबर काळी चार लागते. माझीच पट्टी. पण हा मेला गिअर बदलला की षड्ज बदलतो. हे काही खरं नव्हे.” आणि मेव्हण्याला उद्देशून, “एकदा लावलास ना साठ, मग तिथेच राहा. मी जरा गळा मोकळा करते.”

पुढे उंब्रजपर्यंत गाडी साठने चालली. मागून ट्रक, एसट्या, एक ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला ओलांडून गेला. अल्टरनेटरच्या तंबोऱ्यावर यमन गाणारी पहिली बाई बहुधा माझी आत्याच.

उंब्रजला हायवे सोडून पाटणच्या रस्त्याला लागायचं. त्या वळणाजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरीवाला होता. त्याने बॉनेट उघडलं, “रेस द्या” म्हणाला, कान वाकडा केला आणि जाहीर केलं, “डायनामो गेलाय. डायोड प्लेट टाकावी लागंल. संध्याकाळपर्यंत थांबा.”

अल्टरनेटरमध्ये वीज तयार होते ती उलटसुलट वाहणारी. आत डायोड असतात, साधारण सहा, ते तिला एका दिशेला वळवतात. वळवली तरी ती पुरती सपाट होत नाही, वर बारीक लहरी उरतात, आणि इंजिन जितकं जोरात फिरेल तितक्या त्या लहरी दाट होतात. शिट्टी म्हणजे त्याच लहरी. एखादा डायोड मेला तर त्या फारच खडबडीत होतात, हे खरं. म्हणजे त्या माणसाचा संशय चुकीच्या घरी गेला नव्हता, फक्त दार न वाजवताच आत शिरला होता. मीटर लावून बघितलं का, असं मी विचारलं तर तो म्हणाला, “मीटरला कान असतात व्हय?” या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संध्याकाळपर्यंत थांबायला आत्या तयार नव्हती. तेव्हा त्याने तोडगा म्हणून काडेपेटीएवढी एक काळी डबी डेक आणि अँपच्या मधल्या लाल-पांढऱ्या पिनांना जोडून दिली. नाव फिल्टर. शिट्टी गायब! मेव्हणा नाचायचाच बाकी होता. पाच मिनिटांनी त्याचा चेहरा पडला. शिट्टीबरोबर ढोलही गेला होता. त्या डबीत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. ते दोन्हीकडचं धातूचं नातं तोडतात आणि गाणं तेवढं पलीकडे पाठवतात, पण स्वस्तातल्या डबीचा गाभा इतका लहान की खर्जातले सूर त्यातून पलीकडे जातच नाहीत. बारा इंची वूफर नुसता बसून होता, तोही आमच्या बॅगांच्या जागेवर. मल्हारपेठेत डबी काढली. शिट्टी परत आली, आत्याने ‘सा’ लावला.

पाटण सोडलं, पाऊस लागला. वायपर सुरू केला की वूफरमधून घर्र, इंडिकेटर दिला की टक्‌ टक्‌. गाडीतली प्रत्येक वस्तू आता स्पीकरमधून आपली हजेरी लावत होती. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तो इतका वेळ फोनमध्ये होता. फोन चार्जिंगला, चार्जर सिगारेट लायटरच्या खोबणीत, आणि त्याच फोनची वायर ऑक्समध्ये. त्याने चार्जर उपटला तर एक आवाज गेला! शिट्टी नव्हे, तिच्या खाली लपलेली एक किर्र. तो दुसरा आवाज होता, हे तो गेल्यावर कळलं. मेव्हण्याला एकाच्या दोन व्याधी निघाल्याचा आनंद की दुःख, ते ठरवता येईना.

कोयनानगरच्या पुढे त्याने शास्त्रीय पद्धत अवलंबायची ठरवली. रेडिओवर मीडियम वेव्ह लावली. ७९२ किलोहर्ट्‌झवर पुणे आकाशवाणी लागते का ते बघायचं होतं. भाच्याच्या मते, कचरा नुसता रेडिओवर आला तर तो एरियलमधून येतो, सगळ्यावर आला तर वायरिंगमधून. पुणे काही लागलं नाही. डोंगर मध्ये होते. लागला तो प्रचंड गुरगुराट. वर बघितलं तर उच्चदाबाच्या तारा दरी ओलांडत होत्या. कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट, आणि घाटाखालच्या पोफळीला डोंगराच्या पोटात वीजघर.

“भाऊजी, बघा! हे कोयनेतूनच येतंय. गाडीत शिरलीय ही!”

“पुण्यातसुद्धा शिरली होती का?” बायकोने मागून विचारलं. सख्ख्या बहिणीएवढं अचूक कोणी मारत नाही.

तारा मागे पडल्या, गुरगुराट थांबला, शिट्टी तशीच. मीडियम वेव्हवर आवाज लहरीच्या उंचीवर स्वार असतो, त्यामुळे वाटेतली कुठलीही ठिणगी त्यात भर घालते. एफएमला तो त्रास फार कमी. पण आमची शिट्टी एफएमवरही होती, फोनवरही होती आणि सगळं बंद केल्यावरही होती. एरियल निर्दोष सुटला.

आता कुंभार्ली. हा घाट उतरताना जो शहाणा असतो तो दुसऱ्या गिअरात उतरतो आणि ब्रेकला विश्रांती देतो. मेव्हणा शहाणा आहे, वूफरचा विषय सोडला तर. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही, तरी इंजिन घोंघावतंय आणि शिट्टी तार सप्तकात. भाचा एकदम सरळ बसला. “म्हणजे पेडलचा संबंध नाही. आरपीएमचाच आहे. पंप नाही. अल्टरनेटरच, पण आत कसा येतोय ते शोधायला हवं.” कॉलेजची फी वसूल झाल्याचा क्षण मेव्हण्याच्या चेहऱ्यावर दिसला. आत्या म्हणाली, “ते असू दे. या वळणावर निषाद फार उतरला.”

चिपळूणला बाजाराच्या मागच्या गल्लीत एक वयस्कर वायरमन सापडले. लुंगी, चष्मा, आणि टेबलावर गणपतीच्या मखराचे दिवे दुरुस्तीला आलेले. त्यांनी बॉनेटला हातच लावला नाही. म्हणाले, “आधी गाणं बंद करा. आता रेस द्या.” ऐकलं. अँपमधून लाल-पांढऱ्या पिना उपटल्या. शिट्टी गेली. परत लावल्या, आली. मग मीटर काढला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट. तोच मीटर एसीवर फिरवला, आकडा शून्याच्या आसपास रेंगाळला. “अर्धा व्होल्ट दाखवला असतान तर डायोड म्हटला असता. डायनामो ठणठणीत आहे.” पुढे त्यांनी डिकीतलं कारपेट उचललं आणि चष्म्यावरून बघत राहिले.

अँपची काळी अर्थची वायर सीटबेल्टच्या बोल्टला बांधली होती. बोल्टखाली रंग, रंगावर कंपनीचा काळा लेप. लोखंडाला वायर टेकलीच नव्हती, नुसती शेजारी राहत होती. अँपला परतीचा रस्ता धड नाही, म्हणून काही प्रवाह लाल-पांढऱ्या वायरीच्या जाळीतून डेकच्या अर्थकडे निघाला होता, आणि अल्टरनेटरच्या लहरी बरोबर घेऊन. अँपला काय, जे येईल ते गाणं. वर बसवणाऱ्याने बॅटरीची जाड लाल वायर आणि गाण्याच्या नाजूक वायरी एकाच पट्टीत, एकाच बाजूने, प्रेमाने टेपने गुंडाळून आणल्या होत्या.

वायरमननी बोल्ट सोडून दुसरी जागा धरली, पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, वायर हातभर आखूड केली, नवं थिंबल दाबलं, बोल्ट आवळला, वर थोडं ग्रीस लावलं. गाण्याच्या वायरी काढून दुसऱ्या बाजूच्या पट्टीखालून ओढल्या. अँपवरचं गेनचं बटण, जे पुण्यात शेवटपर्यंत पिळलं होतं, ते निम्म्यावर आणलं. “हा आवाज वाढवायचा खटका नव्हे. डेकशी जुळवून घ्यायचा आहे.”

गाडी सुरू केली. रेस दिली. काही नाही. वायपर, इंडिकेटर, काही नाही.

“दीडशे द्या.”

मेव्हण्याचा चेहरा उतरला. “दीडशे? एवढंच? काही बदलावं नाही लागलं?”

“थिंबल बदललं ना.”

“तसं नाही. म्हणजे एखादा पार्ट वगैरे… पुण्याला दाखवायला.”

म्हाताऱ्याने जुनं थिंबल जमिनीवरून शोधून कागदात बांधून दिलं. मेव्हण्याने ते पाकिटात घातलं आणि बिल मागितलं. पाठकोऱ्या कागदावर त्यांनी लिहिलं: ‘अर्थ दिली. रु. १५०.’ मेव्हणा म्हणाला, अजून जरा सविस्तर लिहा. त्यांनी चष्मा सारखा केला, विचार केला, आणि ‘अर्थ’च्या आधी ‘नीट’ हा शब्द घातला.

शृंगारतळीपर्यंत आत्या गप्प होती. मग म्हणाली, “आता सूर कुठून घ्यायचा मी?”