साडेतीन धबधबे

प्रत्येक ग्रुप टूरमध्ये एक जोडपं असतं. बस भरलेली असते, इंजिन सुरू असतं, टूर मॅनेजरने ‘गणपती बाप्पा’ म्हणायला तोंड उघडलेलं असतं आणि ते जोडपं अजून ब्रेकफास्टला दुसरं आम्लेट संपवत असतं. पुढचे दोन घाट उरलेली बस त्या दोघांबद्दल बोलते. मला या जोडप्याचा उबग आला होता. म्हणून यंदा जुलैत श्रीलंकेला गेलो तेव्हा कँडीहून नुवारा एलियाचा एक दिवस आम्ही ‘प्रायव्हेट’ घेतला. आपली गाडी, आपला गाइड, आपली वेळ. गाडी सात वाजता हॉटेलच्या दारात येणार होती, तशी आली. सात वीसला आम्ही आत बसलो. मी सवयीने कोण राहिलंय ते पाहायला मागे वळलो. मागे फक्त आमच्या छत्र्या होत्या.

तिकडे ड्रायव्हर आणि गाइड एकच माणूस असतो. आमच्या माणसाचं नाव इतकं लांब होतं, की त्याने सांगायला सुरुवात केली तेव्हा आम्ही हॉटेलच्या फाटकात होतो आणि संपलं तेव्हा गाडी मुख्य रस्त्याला लागली होती. तेवढ्यात त्याला फोन आला. तो फोनवर सारखा ‘मम, मम’ करत होता.

“अहो, हा कुठल्या मामाशी बोलतोय?” बायकोने विचारलं.

सिंहलीत ‘मम’ म्हणजे मी. आणि ‘मामा’ म्हणजे मामाच, आपल्यासारखाच. हे त्यानेच हसत हसत समजावलं आणि त्या क्षणी त्याचा नामकरणविधी उरकला. दिवसभर तो आमचा मामा होता. दिवसअखेर कोण कोणाचा मामा झालं, हा हिशेब वेगळा.

मामाची दुसरी सवय म्हणजे तो सारखा ‘हरी, हरी’ म्हणायचा. समोरून बस आली, हरी हरी. वळणावर ट्रक दिसला, हरी हरी. बायको भारावली. “बघा, बौद्ध आहे, पण हरीचं नाव सोडत नाही.” ‘हरी’ म्हणजे सिंहलीत ‘बरं, ठीक आहे’ हे मला टूरच्या माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर सापडलं होतं. मी ते तिला सांगितलं नाही. आंधळ्या वळणावर ओव्हरटेक चालू असताना देवाचं नाव असलेलं बरं.

कँडी ते नुवारा एलिया पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर. वेळ तीन तास, कारण रस्ता सरळ असा कुठे जातच नाही. मामाने निघतानाच जाहीर केलं, “आज सात धबधबे.” आकडा ऐकून आम्ही सुखावलो. टूरमध्ये आपल्याला आकडा लागतो. ‘सात रात्री, आठ दिवस, सात धबधबे’ हे घरी आल्यावर सोसायटीच्या बाकावर सांगता येतं. धबधबा कसा होता, ते कोणी विचारत नाही.

प्रायव्हेटमधली खरी गोम गांपोला गाव मागे पडल्यावर कळली. ग्रुपमध्ये गाइड माइकवर इतिहास सांगत असतो तेव्हा चाळीसपैकी तीस जण झोपलेले असतात आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. इथे श्रोते दोन, त्यातली एक खिडकीतून फोटो काढण्यात दंग. म्हणजे १८६७ साली जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने लूलकंदुरा मळ्यात एकोणीस एकरांवर चहा लावला, त्याआधी इथे सगळीकडे कॉफी होती, मग तांबेरा पडला आणि कॉफी साफ बसली, या सगळ्याला मान मी एकट्याने डोलवायची. मी डोळे मिटले, की आरशातून मामाचे डोळे माझ्याकडे बघत. घाटरस्त्यावर ड्रायव्हरने आरशात आपल्याकडे बघत राहणं परवडत नाही, म्हणून मी जागा राहिलो. तांबेरा आपल्याकडे गव्हावर पडतो, एवढी माहिती मीही त्याला दिली. त्याने “हरी, हरी” म्हणून ती नोंदवून घेतली.

पुढे एका वळणावर मामाने समोर हात केला. “रांबोडा ऍल्ला.”

बायकोने पर्स खांद्याला लावली. “चला, आला म्हणतोय.”

ऍल्ला म्हणजे धबधबा. पण खरोखरच आला होता. एकशे नऊ मीटरचा रांबोडा डोंगराच्या कपारीतून पांढरा फेस टाकत खाली येत होता. पाऊस महिनाभर पडत होता, त्यामुळे पाणी भरपूर होतं. खाली जायच्या पायऱ्या शेवाळाने हिरव्यागार झाल्या होत्या. मी पायऱ्या बसून उतरलो, हे फोटोत दिसत नाही. तुषार चष्म्यावर आले आणि धबधबा दिसेनासा झाला. चष्मा पुसला तेव्हा बायको एका बाजूला उभी राहून पूर्ण समाधानाने म्हणाली, “आपल्या ठोसेघरसारखाच आहे की!”

हा मराठी प्रवाशाचा जन्मसिद्ध अधिकार आहे. आल्प्सला गेलो तरी आपल्याला ते माळशेज वाटतं. एवढे पैसे खर्च करून ठोसेघर बघायला आलो, या विचाराने मला जरा वाईट वाटलं. पण ठोसेघरला गेलो होतो तेव्हा तिथे ती म्हणाली होती, “परदेशात असल्यासारखं वाटतंय,” तेही आठवलं. हिशेब बरोबर झाला.

रांबोड्याचा बोगदा ओलांडला आणि वर चिन्मय मिशनने बांधलेलं हनुमानाचं देऊळ लागलं. हनुमान सीतेच्या शोधात इथे उतरला, अशी श्रद्धा आहे. उतरून त्याने वर चालत जायचं ठरवलं असतं, तर रामायण लांबलं असतं, एवढी त्या पुढची वळणं आहेत. आणि त्या वळणांवर फुलवाली मुलं आहेत.

हा प्रकार मी पूर्वी पाहिला नव्हता. एका वळणावर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा हातात फुलांचा गुच्छ घेऊन उभा. अंगातला शर्ट भिजून पाठीला चिकटलेला, पायात रबरी चपला, एका चपलेचा पट्टा सुतळीने बांधलेला. मामाने गाडी थांबवली नाही. वरच्या वळणावर पुन्हा तोच मुलगा! तीच फुलं, तीच सुतळी. बायकोला वाटलं जुळा भाऊ असेल. तिसऱ्या वळणावर तो पुन्हा हजर, आता जरा धापा टाकत. गाडी वळसा घालून वर चढेपर्यंत तो चहाच्या झुडपांमधून सरळ उभा चढ पळत येत होता. चौथ्या वळणाला बायकोने “थांबवा!” अशी किंकाळी फोडली. फुलं घेतली. त्याने मागितले ते पैसे दिले आणि “कशाला रे पळतोस एवढा, दमशील,” असं शुद्ध मराठीत सुनावलं. त्याला काय कळलं ते त्याच्या दातांवरून दिसलं. मग पुढचे आठ तास तो लिलींचा ओला गुच्छ माझ्या मांडीवर होता आणि माझ्या पँटवर पिवळ्या परागांचे जे डाग पडले, ते लाँड्रीवाल्याने अजून काढलेले नाहीत.

मग चहाचा कारखाना. एका मुलीने आम्हाला दोघांनाच सगळं दाखवलं. पुन्हा मान मी डोलवली. मळ्यातून आलेला पाला रात्रभर लांबलचक जाळीवर पसरतात, खालून पंख्याने वारा सोडतात. तिने मूठभर माझ्या हातावर ठेवला. कालच्या मेथीच्या जुडीसारखा मऊ, लवलवीत, आणि वास चहाचा अजिबात नाही, कापलेल्या गवताचा. मग तो रोलरमध्ये दळल्यासारखा पिळतात, पसरून तांब्याच्या रंगावर येऊ देतात, गरम हवेत वाळवतात आणि शेवटी चाळतात. चाळण्यांवरून प्रतवारी ठरते. ‘ब्रोकन ऑरेंज पेको’ हे नाव ऐकल्यावर बायकोने संत्रं कुठे आहे, ते विचारलं. संत्र्याचा काही संबंध नाही. सगळ्यात शेवटी, सगळ्यात बारीक चाळणीखाली जी पडते ती ‘डस्ट’.

“आपण डस्टच पितो ना?” बायको हळूच म्हणाली.

गेली पस्तीस वर्षं ‘आमच्याकडे चहा कडक असतो’ म्हणून आम्ही पाहुण्यांना जे देत होतो, ते चाळणीच्या तळाचं होतं. चव बघायला तिने बिनदुधाचा चहा दिला. सोनेरी, हलका, सुरेख. बायकोने दूध मागितलं. मग साखर. आलं मागणार होती, पण मी तिच्या पायावर पाय दिला.

बाहेर उतारावर बायका पाठीला पिशव्या बांधून पानं खुडत होत्या. दोन पानं आणि एक कळी, बस. ब्रिटिशांनी दक्षिण भारतातून मजूर म्हणून आणलेल्या तमिळ माणसांच्या त्या नाती-पणती. दिवसाला अठरा किलोच्या आसपास पानं भरावी लागतात, मामा म्हणाला. दोन पानं आणि एक कळी किती वेळा खुडली की अठरा किलो होतात, हे मी मनात मांडून बघितलं आणि सोडून दिलं. फोटो काढायला बायकोने मोबाइल वर केला आणि मग तोही खाली घेतला.

नुवारा एलिया गाव १८६८ मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर जायचं, तिथून आणखी सव्वासातशे फूट चढायचं आणि तिथे तळं, घोडे, गुलाबाच्या बागा आणि लाल विटांचं पोस्ट ऑफिस मांडायचं. पोस्ट १८९४ सालचं आहे. बायकोने तिथून स्वतःच्याच पत्त्यावर एक कार्ड टाकलं. जेवणाबद्दल फार लिहीत नाही. मेनूत ‘पोळ रोटी’ वाचून तिचा चेहरा उजळला होता. पोळ म्हणजे सिंहलीत नारळ.

सीता एलियाला मात्र थांबायलाच हवं. ओढ्याकाठी सीतेचं देऊळ, रंगीत दाक्षिणात्य गोपुराचं. रावणाने सीतेला ठेवलं ती अशोकवाटिका हीच, अशी समजूत. ओढ्यातल्या खडकावर हनुमानाच्या पावलांचे ठसे दाखवतात. धुकं खाली उतरलं होतं, दात वाजत होते.

“एवढ्या थंडीत बिचारीला झाडाखाली ठेवलं!” बायको कळवळली. “शाल तरी दिली होती का?”

मामाला हे लागलं. रावण हा मोठा विद्वान राजा होता, वैद्य होता, वीणा वाजवायचा, असं त्याने ठासून सांगितलं. २०१९ साली श्रीलंकेने आपला पहिला उपग्रह अवकाशात सोडला, त्याचं नाव ‘रावण-१’ आहे, हेही सांगितलं. बायको म्हणाली, “आमच्या देशात त्याला दरवर्षी दसऱ्याला जाळतात.” भाषांतर करायची जबाबदारी माझ्यावर आली. ग्रुप असता तर टूर मॅनेजरने हसून विषय बदलला असता, कोणीतरी चिवड्याची पिशवी फिरवली असती. इथे तिघंच, त्यातला एक परत नेणारा. मी मामाला इंग्रजीत म्हणालो, “मॅडम म्हणतात, आमच्याकडेही रावणाचा मोठा उत्सव असतो.”

“हरी, हरी,” मामा म्हणाला. बायकोने हात जोडले.

दुपारी चारपर्यंत धबधबे झाले होते दोन: रांबोडा, आणि कारखान्याच्या मागे एक बिननावाचा, जो मामाने आग्रहाने मोजायला लावला. मामा एकदम घाईला आला. परतीला तलावाकेलेमार्गे जायचं, सेंट क्लेअर बघायचा. “बंद होईल,” तो म्हणाला.

धबधबा बंद होईल?

होतो. वर अप्पर कोटमाले धरण बांधलं, नदीचं पाणी वीजनिर्मितीकडे वळवलं. धबधबा मरू नये म्हणून दिवसा, सूर्योदय ते सूर्यास्त, ठरावीक पाणी सोडतात. रात्री धबधबा ड्यूटीवर नसतो. हे ऐकून मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. मी छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे.

सहाला पोचलो. तो ऐंशी मीटरचा धबधबा रुंद पसरून, हिरव्या मळ्यांच्या मधोमध, शांतपणे आपले तास भरत होता. कँटीनला उठून जाणं नाही, डुलकी नाही. आम्ही तिघं कठड्याला टेकून उभे राहिलो आणि पंधरा मिनिटं कोणी काही बोललं नाही. ठोसेघरही नाही. दिवसभरात पहिल्यांदाच मामाने इतिहास सांगितला नाही आणि पहिल्यांदाच मला झोपही आली नाही.

पुढे तीनेक किलोमीटरवर डेव्हन. सत्त्याण्णव मीटरचा, दरीच्या पलीकडे. पोचलो तेव्हा ढगाने वरचा भाग गिळला होता आणि खालचा तेवढा राहिला होता, ढगातून टांगलेल्या धोतरासारखा. “हा अर्धा धरायचा,” बायको म्हणाली. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, तसे धबधबेही साडेतीन. बाकीच्या साडेतीनांचं काय, असं मी मामाला विचारलं. तो म्हणाला, ते रस्त्यात लागले होते, आपण तेव्हा रावणाबद्दल बोलत होतो.

कँडीला पोचायला साडेदहा वाजले. टिप किती द्यायची? ग्रुपमध्ये मॅनेजर पाकीट फिरवतो, चाळीस जणांत आपलं कमी पडलं तरी कळत नाही. आपल्या एका रुपयाला तिकडचे साडेतीनच्या आसपास, हा हिशेब मी अंधारात तीनदा केला आणि तीनदा वेगळा आला. घाबरून मी मोठी नोट दिली. मामाचा चेहरा बघून कळलं, की एक शून्य जास्त गेलं. परत मागायचं कसं? त्याने खाली उतरून बायकोसाठी दार उघडलं, दोन्ही हात जोडले, आणि वाकून म्हणाला, “हरी, हरी.”

डिसेंबरात आम्ही केरळला जातोय, ग्रुपबरोबर. चाळीस माणसं, पाचला उठायचं, सहाला ब्रेकफास्ट, सातला बस. तुम्ही श्रीलंकेला जाणार असलात, तर मामा घ्या, नोटेवरची शून्यं दिवसाउजेडी मोजून ठेवा आणि सेंट क्लेअर सूर्यास्ताच्या आत गाठा. नंतर ऑफिस बंद असतं.