धुराला गिऱ्हाईक

इथेनॉल प्रकल्पातून हवेत काय सोडावे आणि काय धरून ठेवावे, याचा सर्वसाधारण नियम सोपा आहे: उडून जाणाऱ्याला गिऱ्हाईक असेल तर ते धरले जाते. बीड जिल्ह्यात ऊस बेताचा, पाणी त्याहून बेताचे, साखर कारखाने मात्र भरपूर. त्यामुळे अभ्यासाला हा जिल्हा सोयीचा पडतो.

साखर काढून उरलेली मळी आंबवली की तिच्यातल्या साखरेचे जवळपास निम्मे वजन कार्बन डायऑक्साइड होऊन उडते. त्याच्यासोबत थोडे अल्कोहोलही निसटू पाहते. ते पाण्याच्या फवाऱ्यात पकडून परत आणतात. ही यंत्रणा कुणी सांगायला न येताही चालते, कारण निसटणारा तो माल असतो. वायूला मात्र सोडावाटरवाला भेटला तर टाकी, नाही तर आकाश.

खरी मौज उरलेल्या काळ्या पाण्याची. लिटरभर अल्कोहोलमागे ते आठ ते पंधरा लिटर निघते. नदी-नाल्यात सोडायला बंदी, म्हणून ते आटवून दाट करतात आणि बगॅस किंवा कोळशाबरोबर बॉयलरमध्ये जाळतात. अशा रीतीने पाण्याचे प्रदूषण संपते आणि हवेच्या खात्यात जमा होते. राखेत पोटॅश असते. २०२४ च्या जानेवारीत केंद्राने त्याला टनामागे ४,२६३ रुपये भाव ठरवून दिल्यापासून राख धरणाऱ्या यंत्राकडे जरा आदराने पाहिले जाते. मळीतले गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होते. त्याला भाव नाही. त्याच्यासाठी सूत्र आहे: ताशी जितके किलो सल्फर डायऑक्साइड, त्या आकड्याचा ०.३ घात गुणिले १४, तितके मीटर धुराडे. धुराडे उंच केले की वायू कमी होत नाही, पुढच्या गावाला जातो; तिथली ग्रामसभा वेगळी असते.

त्या काळ्या पाण्यातून उठणाऱ्या कुजक्या अंड्यासारख्या वासाची नोंद मुख्यतः नाकात होते, आणि नाक हे मान्यताप्राप्त उपकरण नव्हे. प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीआधीच्या जनसुनावणीत ते निदान हजर तरी राहते. पण पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलची घाई झाल्यावर, १६ जून २०२१ च्या अधिसूचनेने सांडपाणी बाहेर न सोडणाऱ्या धान्याधारित इंधन-प्रकल्पांना सुनावणीतूनच मोकळे केले.

मळीवाल्यांना या अधिसूचनेची सवलत नसली तरी बीडमध्ये निसर्गाची साथ आहे. गाळप हंगामात धुराडी पेटतात, त्याच महिन्यांत जिल्ह्यातले लाखो ऊसतोड मजूर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेले असतात. तक्रार करू शकतील अशी बरीचशी नाके तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यातल्या धुराड्याखाली असतात.