न कुजणाऱ्या बोटीचं कुजणं

फायबरग्लास कुजत नाही, हे शंभर टक्के खरं आहे. फायबरग्लासची बोट कुजते, हेही तितकंच खरं आहे. या दोन सत्यांच्या मधल्या फटीत अमेरिकेतली असंख्य गॅरेजेस उभी आहेत. तिथे शनिवार-रविवारी तोंडाला मास्क लावून, अंगात पांढरा कागदी झगा चढवून एखादे सद्गृहस्थ पालथे पडलेले असतात आणि १९७०च्या आसपासच्या एखाद्या बोटीच्या पोटातून काळपट ओला भुसा खरवडून काढत असतात. हा भुसा म्हणजे एके काळचा स्ट्रिंगर. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत तळाला जोडलेली, तळ वाकू न देणारी लांब तुळई. दुसरा भुसा ट्रान्समचा, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट फळ्याचा. त्याच्यावर सव्वाशे-दीडशे किलोचं इंजिन लटकतं. दोन्हींच्या आत लाकूड किंवा प्लायवूड आणि वरून फायबरग्लासचा थर. बाहेर कडक इस्त्रीचा शर्ट आणि आत फाटका बनियन, अशी ही एकंदर व्यवस्था. बोट कुजली की सगळे लाकडाच्या नावाने बोटं मोडतात. माझ्या मते लाकूड निर्दोष आहे. या बोटी कुजल्या त्या ‘आता काही बघायला नको’ या आश्वासनामुळे.

हे आश्वासन आलं कुठून? ओहायोतल्या टोलेडो शहरात रे ग्रीनने १९४२च्या सुमारास काचतंतू आणि रेझिनची छोटी होडी बनवली. १९५९च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये पिअर्सन बंधूंची २८ फुटी ‘ट्रायटन’ उभी राहिली आणि मध्यमवर्गीय माणसालाही शिडाची बोट परवडेल, असं वाटू लागलं. त्याआधी लाकडी बोटीचा मालक दर वर्षी वसंतात तिला खरवडायचा, फटी बुजवायचा, रंगवायचा आणि हे करताना नाइलाजाने तिच्याकडे बघायचा. मऊ पडलेली फळी त्याच्या बोटाला लागायची, तो शिव्या देत ती बदलायचा. नव्या बोटीने त्याला या कामातून सोडवलं. १९६१ साली बोस्टन व्हेलर कंपनीच्या डिक फिशरने आपली १३ फुटी बोट पाण्यातच करवतीने मधोमध कापून दाखवली. दोन्ही तुकडे तरंगत राहिले आणि ‘लाइफ’ मासिकात त्याची छायाचित्रं झळकली. पाहणाऱ्यांना पटलं की ही बोट अमर आहे. आतला फोम खरोखरच गुणी होता. पण ट्रान्सममध्ये त्याही बोटीला प्लायवूडच होतं आणि कापायची जागा मधली असल्याने ते कोणाच्या नजरेस पडण्याचा प्रश्नच नव्हता.

लाकूड पाण्याने कुजतं, हा समज त्याच वर्षी दुसऱ्या एका नौकेने खोटा पाडला, हा योगायोग मला फार आवडतो. १९६१च्या एप्रिलमध्ये स्टॉकहोमला ‘व्हासा’ ही स्वीडिश युद्धनौका समुद्रतळातून वर काढली गेली. १६२८ साली पहिल्याच सफरीत, बंदर ओलांडायच्या आत ती कलंडून बुडाली होती. ३३३ वर्षं पाण्याखाली राहूनही तिचा ओकचा देह बराचसा शाबूत निघाला. बाल्टिकच्या निमखाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे जलचर तग धरत नाहीत, हे एक कारण. तळाशी प्राणवायू फार थोडा, हे दुसरं. बुरशीला लाकूड लागतं, हवा लागते, ऊब लागते आणि ओल लागते, पण ती बेताची. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली असेल तर तिचं काही चालत नाही. ३० टक्क्यांच्या आसपास गेला की तिची पंगत बसते. म्हणजे कोरडं लाकूड टिकतं, पूर्ण बुडालेलंही टिकतं. कुजतं ते अर्धवट ओलं. बुडालेली नौका तीनशे वर्षं टिकली आणि तरंगणारी बोट तीस वर्षांत भुसा झाली, यात विरोधाभास काहीच नाही.

आणि अर्धवट ओल टिकवून ठेवण्यात फायबरग्लासचा हात कोणी धरू शकत नाही. पॉलिएस्टर रेझिन लाकडाला नाखुशीनेच चिकटतं. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं, आकसतं. रेझिन मात्र ताठच राहतं आणि एक दिवस दोघांची ताटातूट होते. त्यात कारखान्यात घाईने ठोकलेले स्क्रू, आसनांची भोकं, पाणी काढायच्या बुचासाठी ट्रान्सममध्ये आरपार पाडलेलं आणि आतून उघडंच सोडलेलं छिद्र. पाणी एकदा आत शिरलं की वरचा चकचकीत थर त्याला बाहेर जाऊ देत नाही. १९७१च्या फेडरल बोट सेफ्टी ॲक्टनंतर २० फुटांखालच्या मोटारबोटी पाणी भरलं तरी तरंगत राहाव्यात असे नियम आले, म्हणून बोटीच्या आतल्या जमिनीखाली फोम भरला गेला. हेतू उत्तम. पण वर्षानुवर्षं ओलीत बसलेला फोमही शेवटी पाणी पितो, आणि एक घनफूट पाणी म्हणजे सुमारे २८ किलो. बुडू नये म्हणून भरलेला फोम बोटीला हळूहळू बुडण्याच्या तयारीला लावतो आणि शेजारच्या स्ट्रिंगरला बारमाही ओलावा पुरवतो. वर कोणीतरी गालिचाही घातलेला असतो, म्हणजे कोणाला शंकासुद्धा यायला नको.

यावर झटपट दुरुस्तीवाले म्हणतात, एवढी चिरफाड कशाला? भोकं पाडा, पातळ इपॉक्सी ओता, लाकूड पुन्हा दगडासारखं होईल. ही कल्पना मोहक आहे, कारण तिच्यातही बघायची गरज नाही. पण इपॉक्सी ओल्या लाकडात शिरत नाही; कोरड्या भुशात शिरली तरी भोकाच्या आसपासच राहते. तपकिरी कुजीत बुरशीने सेल्युलोज, म्हणजे लाकडाचा कणाच, खाल्लेला असतो. उरलेल्या चोथ्याला प्लॅस्टिकमध्ये मुरवून तुळई तयार होत नाही, मुरंबा तयार होतो. दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे: आतलं लाकूड हा केवळ साचा, ताकद वरच्या काचतंतूंची, तेव्हा कुजलं तर कुजू दे. काही बोटींबाबत हे खरंही आहे. जाड थराचे पोकळ स्ट्रिंगर मजेत टिकतात. पण स्वस्त जुन्या बोटींत वरचा थर पातळ, भार लाकडावर, आणि इंजिनाचे बोल्टही त्याच लाकडात. ट्रान्समचं तर बोलायलाच नको. दोन कातड्यांमधलं प्लायवूड गेलं की उरतात दोन लवचिक पत्रे, आणि त्यांवर शंभर अश्वशक्ती ढकलत असते. मग लाकूडच नको, घट्ट फोमचे फळे घाला, म्हणणारे आहेत. जरूर घालावेत. मात्र भोकं तशीच उघडी ठेवणारा मालक त्यातूनही पाणी आत घेईल आणि या वेळी निर्धास्तपणा दुप्पट असेल.

खरी दुरुस्ती म्हणजे उघडून बघणं, आणि तेही रीतीने. बोटीला खालून भक्कम, समतल टेकू द्यायचे. सगळे स्ट्रिंगर एकदम उपटायचे नाहीत, नाहीतर तळ मिळेल त्या आकाराला बसतो आणि नवे स्ट्रिंगर तो बाक कायमचा करतात. पुढे वेगात बोटीचं नाक वर-खाली आपटत राहू शकतं. ओला फोम काढायचा, जुना थर घासून स्वच्छ करायचा. या घासण्यातून उडणारी काचेची धूळ मानेत, कोपरात आणि ज्यांचा उल्लेख मासिकात करता येत नाही अशा ठिकाणी जाऊन बसते. मग नवं लाकूड तळाला थेट न टेकवता दाट इपॉक्सीच्या गादीवर बसवायचं, कोपऱ्याला गोलाई द्यायची, काचकापडाचे थर एकापेक्षा एक रुंद चढवायचे. हे करताना भांड्यात जास्त इपॉक्सी कालवून ठेवली, तर ती स्वतःच तापून धूर काढते. शेवटी प्रत्येक स्क्रूचं भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं आणि त्यात नवं भोक पाडायचं. कंटाळवाणं आहे खरं. पण मूळ बांधणीत नेमकं एवढंच राहून गेलं होतं.

एक आक्षेप मात्र मी मान्य करतो: या सगळ्याचा खर्च बहुधा बोटीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. साध्या, कोणाचाही जीव न जडलेल्या बोटीला हा सोपस्कार करू नये, ती मोडीत काढावी. तिथेही गंमत आहेच. लाकडी बोट जळते, मातीत मिळते. फायबरग्लास खरोखरच कुजत नसल्यामुळे त्याचं करायचं काय, हा प्रश्न अमेरिकेतल्या कचरा डेपोंना अजून नीट सुटलेला नाही.

तेव्हा मिशिगन-मिनेसोटाकडच्या एखाद्या मराठी वाचकाला तळ्याकाठी अशी जुनी चकचकीत बोट स्वस्तात मिळत असेल, तर त्याने रंगाची तारीफ नंतर करावी. आधी हातोडीच्या दांड्याने ट्रान्सम आणि तळ ठोकून बघावा. टणत्कार आला तर ठीक, बद्द आवाज आला तर सावध. इंजिनाचा खालचा भाग धरून हलवावा आणि ट्रान्सम हलतो का ते पाहावं. मग आतल्या बाजूने, अगदी खाली, एक बारीक भोक पाडू देण्याची विनंती करावी. फिकट कोरडा चुरा आला तर घासाघीस सुरू करावी. काळा ओला चोथा आला, किंवा विकणाऱ्याने भोक पाडूच दिलं नाही, तर चहा पिऊन घरी यावं.